चोथ्यात काय असतं?

जेली करायला आत्या कधीच पूर्ण पिकलेले पेरू घेत नसे. पिशवी ओट्यावर ओतली की ती एकेक पेरू अंगठ्याने दाबून बघायची. मऊ पडलेले आम्हाला खायला, आणि नुकते पाडाला लागलेले, जरा टणक, ते जेलीला. फोडी करायच्या, त्या बुडतील एवढ्या पाण्यात शिजवायच्या आणि पंच्यात बांधून ते गाठोडं रात्रभर पातेल्यावर टांगून ठेवायचं. पिळायचं नाही, नाहीतर जेली गढूळ होते. सकाळी पातेल्यात जमलेलं पाणी चवीला जेमतेम पेरूसारखं, पण बोटांना चांगलं बुळबुळीत लागायचं. त्यात साखर आणि लिंबाचा रस घालून उकळत ठेवलं की काही वेळाने डावावरचे थेंब सुटे पडेनासे होत. दोन थेंब एकमेकांना चिकटून पडद्यासारखे लोंबकळत. मग ती म्हणायची, "धरली," आणि गॅस बंद.

हे जे धरणं आहे, ते पेक्टिनचं काम. फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा हा पदार्थ. १८२५ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो वेगळा काढला आणि गोठणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. फळ कच्चं असताना पेक्टिन घट्ट बांधलेलं असतं, म्हणून फळ टणक लागतं. पिकताना फळातलीच विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याचे धागे सैल करतात, मग तोडत जातात. अतिपिकल्या पेरूची जेली का धरत नाही, याचं उत्तर इथे आहे.

ही जेली मला अनेक वर्षांनी आठवली ती बाबांचा रिपोर्ट हातात आला तेव्हा. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, वाढलेलं होतं. रिपोर्टसोबत आहाराचा एक छापील कागद होता, त्यावर एकच ओळ: फळे भरपूर खावीत. का, कोणती, कशी, काही नाही. बाबांनी ती ओळ मनावर घेतली आणि रोज सकाळी तीन-चार मोसंब्यांचा रस काढून, गाळणीने गाळून प्यायला लागले. चोथा कुंड्यांना जायचा. आठवडाभर मी ते बघत होते आणि मला राहवेना, कारण कोलेस्टेरॉलसाठी कामाचं जे होतं, ते नेमकं कुंडीत चाललं होतं. तेव्हा बाबांना जे समजावलं, तेच इथे नीट मांडते आहे.

चोथा दोन प्रकारचा

चोथा म्हणजे फळाचा, भाजीचा, धान्याचा असा भाग, जो आपली पाचक विकरं फोडू शकत नाहीत. साखर, पिष्टमय पदार्थ, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात फुटून रक्तात जातात. चोथा तसाच पुढे सरकतो. पुस्तकात याला तंतुमय पदार्थ म्हणतात, पाकिटावर फायबर लिहिलेलं असतं. तंतुमय म्हटलं की डोळ्यांसमोर आंब्याच्या कोयीचे दोरे येतात, पण पेक्टिनला दोरा म्हणून दिसणं माहीत नाही. ते फळाच्या गरात मुरलेलं असतं.

पाण्यात न विरघळणारा चोथा म्हणजे सालीतला, बियांतला, दोऱ्यांतला काष्ठमय भाग. तो पाणी धरतो, मळाला आकारमान देतो. दुसरा पाण्यात विरघळतो किंवा फुगून चिकट होतो. फळांत हे काम मुख्यतः पेक्टिनचं. मोसंबी-संत्र्यात ते सालीच्या आतल्या पांढऱ्या थरात आणि फोडींच्या पापुद्र्यात सगळ्यात जास्त असतं, आणि आपण तोच थर नखाने खरवडून काढतो. इसबगोल रात्री पाण्यात घालून पाच मिनिटं विसरलात तर ग्लासात जे बुळबुळीत तयार होतं, तेच कमी-अधिक प्रमाणात आतड्यात होतं, असं समजा. भेंडीचा चिकटपणा, भिजलेल्या मेथीच्या दाण्यांवरचा बुळबुळीत थर, ओट्सची खळ, सगळी याच गोत्रातली.

कोलेस्टेरॉलवर परिणाम होतो तो या दुसऱ्या, चिकट होणाऱ्या चोथ्याचा. गव्हाचा कोंडा पोट साफ करायला उत्तम, पण त्याने एलडीएल फारसं हलत नाही. "मी भरपूर फायबर खातो, तरी कोलेस्टेरॉल तसंच," असं कुणी म्हणालं तर मी आधी विचारते, कुठलं फायबर?

पित्ताची ये-जा

पेरू पोटात, कोलेस्टेरॉल रक्तात. चोथा तर रक्तात शिरतच नाही. मग रक्तातल्या गोष्टीवर त्याचा परिणाम होतो कसा? मला हा सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

आपण "पित्त झालं" म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाबद्दल असतं. इथलं पित्त वेगळं. यकृत एक हिरवट-पिवळा रस तयार करतं, तो पित्ताशयात साठतो आणि आपण जेवलो की लहान आतड्यात सोडला जातो. तेलकट भांड्यावर साबण जे करतो, ते काम हा पित्तरस तेला-तुपावर करतो. त्यांचे बारीक कण करून पचनासाठी मोकळे करतो. यातला कामाचा भाग म्हणजे पित्ताम्लं. आणि ही पित्ताम्लं यकृत तयार करतं कशापासून? कोलेस्टेरॉलपासून.

शरीर मोठं काटकसरी आहे. पित्ताम्लांचं काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला ती जवळपास सगळी, सुमारे ९५ टक्के, परत शोषली जातात आणि रक्तातून यकृताकडे जातात. तीच पुन्हा पित्तात, पुन्हा आतड्यात. शरीरात या पित्ताम्लांचा एकूण साठा दोन-तीन ग्रॅमच असतो, पण तो दिवसातून अनेक फेऱ्या मारतो. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांच्या हातातली भांडी जशी मांडवात जातात, रिकामी होऊन मुदपाकखान्यात येतात आणि पुन्हा भरून बाहेर पडतात, तसं. भांडी थोडी, पण फेऱ्यांमुळे भागतं.

आता त्या मांडवात काही भांडी अडकून पडली तर? मुदपाकखान्याला कोठीतून नवी काढावी लागतील. चिकट चोथा हेच करतो. तो आतड्यात दाट होतो, त्यात काही पित्ताम्लं अडकतात आणि परत शोषली न जाता मळाबरोबर निघून जातात. यकृताला पित्ताम्लांची तूट जाणवते. नवी करायला कोलेस्टेरॉल लागतं. यकृताची पेशी ते मिळवण्यासाठी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राहक, म्हणजे एक प्रकारचे दरवाजे, वाढवते. रक्तातून फिरणारे एलडीएलचे कण त्या दरवाजांतून आत ओढले जातात. रक्तातलं एलडीएल उतरतं.

हे दरवाजे असतात हे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अमेरिकेत डॅलसमध्ये शोधून काढलं आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. पित्ताम्लं आतड्यातच अडवली की एलडीएल उतरतं, याचा पुरावाही भक्कम आहे. कोलेस्टिरामिन नावाचं एक जुनं औषध नेमकं एवढंच करतं. ते रक्तात शिरत नाही, आतड्यातल्या आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतं आणि बाहेर जातं. पेक्टिन हा त्याचा सौम्य, घरगुती भाऊबंद म्हणायला हरकत नाही.

चोथा आणखीही थोडं करतो. आतड्यातला काला दाट झाल्यामुळे अन्नातलं आणि पित्तातलं कोलेस्टेरॉल भिंतीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, काही शोषलंच जात नाही. साखरही हळू शोषली जाते. पण मोठा वाटा पित्ताम्लांचा.

उतरतं म्हणजे किती?

इथे प्रामाणिक असायला हवं, कारण या विषयावर भलभलती वचनं दिली जातात. अनेक चाचण्या एकत्र करून १९९९ साली जो हिशेब मांडला गेला, त्यानुसार रोजच्या आहारात विरघळणारा चोथा एक ग्रॅमने वाढला तर एलडीएल, रिपोर्टात असतं तसं दर डेसिलिटर रक्तामागे, साधारण २ मिलिग्रॅमने उतरतं. एका मोठ्या पेरूत एकूण चोथा सात-आठ ग्रॅम असला तरी विरघळणारा त्यातला थोडाच. म्हणजे दिवसाला दोन फळांतून फार तर दोन-तीन ग्रॅम धरा. एलडीएलमध्ये फरक पडेल चार-सहा मिलिग्रॅमचा. त्याला ओट्स किंवा जवाची जोड, दुपारी राजमा किंवा वालाची उसळ, रात्री एक चमचा इसबगोल अशी भर घातली तर दहा-पंधरापर्यंत जाता येतं. १५०चं १३५ होणं ही लहान गोष्ट नाही. पण १९०चं १०० फळांनी होणार नाही. स्टॅटिनच्या गोळ्या ३० ते ५० टक्क्यांनी एलडीएल उतरवतात. ज्यांना डॉक्टरांनी त्या दिल्या आहेत, हृदयविकार होऊन गेला आहे किंवा घरात अगदी तरुणपणी झटके आलेले आहेत, त्यांनी पेरूच्या भरवशावर गोळी थांबवू नये. गोळी आणि फळ एकमेकांच्या आड येत नाहीत. एक अपवाद आहे, तो शेवटी सांगते.

आणखी एक. आपल्याकडे एचडीएल, म्हणजे चांगलं म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, कमी असणं फार लोकांत आढळतं, आणि त्याच्या जोडीला ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेली. चोथ्याने एचडीएल वाढत नाही. ट्रायग्लिसराइड तर गोड रसांच्या अतिरेकाने उलट वाढू शकतात. त्यासाठी चालणं, वजन, साखर आणि दारू यांच्याकडे बघावं लागतं.

कोणत्या फळात किती, हे साधारण लक्षात असलेलं बरं. शंभर ग्रॅममागे पेरूत पाच ग्रॅमहून जास्त चोथा. दाण्यांसकट चावून खाल्लेल्या डाळिंबात चारच्या आसपास. सालीसकट सफरचंद, संत्रं, केळं यांत अडीचच्या मागेपुढे. आंबा आणि पपई दीड-पावणेदोन. द्राक्षात एखादा, कलिंगडात अर्धासुद्धा नाही. पेरू यात सगळ्यांच्या पुढे आहे, शिवाय तो स्वस्त आहे आणि गाडीवर मीठ-तिखट लावून मिळतो. आपल्याकडे इतक्या ठिकाणी लागवड झालेली सरदार ही जात लखनौ ४९ या नावाने ओळखली जाते, पण ती निवडली गेली पुण्यात, गणेशखिंडीच्या फळबागेत, १९२७ साली डॉ. चीमांच्या हातून. परदेशी किवी आणि ब्लूबेरीचे गुण वाचून हुरहुर लागलेल्यांनी आधी कोपऱ्यावरच्या पेरूवाल्याकडे जावं, असं मला मनापासून वाटतं.

रस आणि फळ

बाबांचं म्हणणं होतं, फळाचा अर्क तर रसातच येतो. चार मोसंब्यांचं सत्त्व एका ग्लासात. तर्क चुकीचा नाही, जीवनसत्त्व क बरंचसं रसात येतंच. पण यावर लोकांनी खरोखर प्रयोग केलेत, आणि ते वाचण्यासारखे आहेत.

ब्रिटनमध्ये ब्रिस्टॉलला १९७७ साली दहा जणांना तेवढ्याच साखरेची सफरचंदं तीन रूपांत दिली: अख्खी, शिजवून घोटलेली आणि रस. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने संपला. पोट सगळ्यात कमी भरलेलं वाटलं ते रसानंतर. रसानंतर इन्सुलिनही जास्त वर गेलं आणि मग रक्तातली साखर झपकन खाली आली. फळ तेच, साखर तेवढीच, फक्त चोथा काढलेला.

डेन्मार्कमधल्या २०१३च्या अभ्यासात तर थेट कोलेस्टेरॉलच मोजलं. तेवीस निरोगी माणसांनी चार-चार आठवडे आळीपाळीने अख्खी सफरचंदं, रस काढल्यावर उरलेला चोथा, गढूळ रस आणि गाळून नितळ केलेला रस घेतला. नितळ रस पिताना एलडीएल अख्ख्या फळाच्या किंवा चोथ्याच्या तुलनेत सुमारे ७ टक्क्यांनी जास्त निघालं. कुंडीत जाणाऱ्या चोथ्याने रसापेक्षा चांगलं काम केलं.

आणि २०२०मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंगच्या संशोधकांनी कोलेस्टेरॉल थोडं वाढलेल्या चाळीस जणांना आठ आठवडे रोज दोन मोठी सफरचंदं दिली. तुलनेसाठी तेवढ्याच साखरेचं सफरचंदाचं पेय. अख्खी फळं खाताना एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल दोन्ही पेयापेक्षा साधारण ४ टक्क्यांनी कमी होतं. चार टक्के म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबाशी जुळणारा, माफक पण खरा फरक.

मिक्सरमधून काढलेली स्मूदी या दोघांच्या मध्ये बसते. चोथा त्यात राहतो, पण चावणं जातं आणि फळं नकळत जास्त पोटात जातात. दात नसलेल्या आजीला ती जरूर द्या, न गाळता. दात असलेल्यांनी चावावं.

पोटाचं काय?

बद्धकोष्ठावर फळ, हे प्रत्येक घरात माहीत आहे. त्यामागचं कामकाज मात्र दोन पातळ्यांवर चालतं.

न विरघळणारा चोथा पाणी धरून मळ मऊ आणि भरघोस करतो, आतड्याला ढकलायला काहीतरी हाती लागतं. डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने युगांडात काम करताना हे पाहिलं. तिथल्या खेड्यांतल्या, भरपूर चोथा खाणाऱ्या लोकांचा मळ ब्रिटनमधल्या लोकांपेक्षा वजनाने कितीतरी जास्त असे आणि अन्न निम्म्याच वेळात आतड्यातून बाहेर पडे. १९७०च्या दशकात त्याने यावर इतकं लिहिलं, इतकी व्याख्यानं दिली, की फायबर हा शब्द घराघरांत गेला. त्याचे सगळेच अंदाज पुढे टिकले नाहीत, पण मळाबद्दलचं निरीक्षण टिकलं.

विरघळणारा चोथा मोठ्या आतड्यात पोहोचला की तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात. आंबवण्याची ही क्रिया आपल्या इडलीच्या पिठासारखीच: वायू तयार होतो आणि आम्लं तयार होतात. यातलं ब्युटिरेट नावाचं आम्ल मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य खाद्य आहे. म्हणजे त्या पेशींना जेवण रक्तापेक्षा जास्त आतड्यातून मिळतं, तेही आपल्याला न पचलेल्या गोष्टीतून, दुसऱ्या कुणी पचवून दिलेलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थांबले होते. चोथा निरुपयोगी असतो, असं लहानपणी शाळेत शिकल्याचं आठवत होतं. आणि मळातला घन भाग पाहिला तर त्यात न पचलेल्या अन्नापेक्षा या जिवाणूंचाच वाटा मोठा असतो. ते वाढले की मळ वाढतो.

म्हणूनच अचानक चोथा वाढवला की पोट फुगतं. सोमवारपासून निश्चय करून तीन पेरू, ओट्स आणि इसबगोल एकदम सुरू केलं तर बुधवारी पोट ढोलासारखं होणार आणि गुरुवारी सगळं बंद. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, पाणी वाढवा. पाण्याशिवाय चोथा म्हणजे सिमेंट. इसबगोल तर कोरडं कधीच तोंडात टाकू नये, ते घशातच फुगू शकतं. आणि इतर गोळ्या घेत असाल तर त्यांच्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर ठेवा, कारण ते औषधही धरून ठेवू शकतं.

"पेरूने पोट साफ होतं" आणि "पेरूने घट्ट होतं" अशी दोन्ही मतं मी एकाच घरात ऐकली आहेत. दोन्हींत तथ्य आहे. कच्चा पेरू तुरट असतो. तुरटपणा येतो टॅनिनमुळे, आणि टॅनिन प्रथिनांना आवळून धरतं. जिभेवर जी कोरड जाणवते ती लाळेतली प्रथिनं आवळली गेल्याची. असे भरपूर कच्चे पेरू खाल्ले, वर पाणी कमी प्यायलं, तर त्रास होऊ शकतो. पिकलेला पेरू नीट चावून खाल्ला तर बहुतेकांचं पोट सुधारतं. बिया न चावता गेल्या तरी त्या जशाच्या तशा बाहेर पडतात. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा आतडं अरुंद झालेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

पेक्टिनची गंमत अशी की ते दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतं. ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेत जुलाब लांबलेल्या बाळांना भाताबरोबर शिजवलेलं कच्चं केळं किंवा पेक्टिन देऊन पाहिलं आणि त्यांचे जुलाब लवकर आटोक्यात आले. हे २००१ साली प्रसिद्ध झालं. कच्च्या केळ्यात न पचणारं पिष्ट असतं, तेही पेक्टिनसारखंच मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंचं अन्न होतं. केळं पिकत जातं तसं हे पिष्ट साखरेत बदलतं. सालीवर काळे ठिपके पडलेलं केळं आणि हिरवट केळं ही पोटाच्या दृष्टीने दोन वेगळी फळं आहेत.

पपईबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. तिच्यातलं पपेन मांस मऊ करतं, आपल्याकडे मटणाला कच्ची पपई किसून लावतातच. त्यावरून पिकलेली पपई अन्न पचवते असं धरलं जातं. पण पपेन असतं मुख्यतः कच्च्या पपईच्या चिकात. पिकताना ते कमी होत जातं. पिकलेल्या पपईने पोट साफ होतं ते पाण्याने आणि चोथ्याने. नासपती, सफरचंद, सुके आलुबुखार यांत सॉर्बिटॉल नावाची, नीट न शोषली जाणारी साखर असते, ती आतड्यात पाणी खेचते. बद्धकोष्ठ असणाऱ्याला ते वरदान, आणि ज्याचं आतडं नाजूक आहे त्याला गुडगुड. एकाला मानवलं म्हणून दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

उपासाच्या दिवशी पोट का अडतं, याचंही उत्तर यातच आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, चोथा नावालाच. चतुर्थीला खिचडीबरोबर एक पेरू किंवा सालीसकट उकडलेलं रताळं घ्या, दुसऱ्या दिवशी फरक कळेल.

तुरट, कडू, रंगीत

फळांत चोथ्याशिवाय शेकडो द्रव्यं असतात. जांभळाचा जांभळा रंग, आवळ्याचा तुरटपणा, मोसंबीच्या पांढऱ्या थराचा कडवटपणा. यातली बरीचशी पॉलिफिनॉल या मोठ्या कुळातली. बाटल्यांवर आणि जाहिरातींत यांचाच बोलबाला जास्त असतो, म्हणून थोडं सांभाळून सांगते.

परीक्षानळीत ही द्रव्यं खूप काही करून दाखवतात. शरीरात मात्र त्यातली फार थोडी जशीच्या तशी रक्तात पोहोचतात. बरीचशी मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे पुन्हा तेच जिवाणू त्यांचे तुकडे करतात. डाळिंबातल्या द्रव्यापासून जिवाणू युरोलिथिन नावाचा पदार्थ करतात, पण सगळ्यांच्या आतड्यात ते करणारे जिवाणू नसतात. एकच डाळिंब दोन भावांनी वाटून खाल्लं तरी दोघांच्या रक्तात वेगळं काही पोहोचू शकतं. रेडिंगच्या प्रयोगातली सफरचंदं पॉलिफिनॉलने समृद्ध अशी मुद्दाम निवडलेली होती, त्यामुळे तिथल्या चार टक्क्यांत पेक्टिनचा वाटा किती आणि पॉलिफिनॉलचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मला वाटतं, ते वेगळं काढून गोळीत भरायची घाईही करू नये. फळात ती दोन्ही एकत्रच येतात.

स्टेरॉल या वनस्पतिजन्य द्रव्यांचं मात्र काम स्पष्ट आहे. त्यांची रचना कोलेस्टेरॉलसारखीच असते, इतकी की आतड्यात शोषलं जायच्या रांगेत ती कोलेस्टेरॉलच्या जागी जाऊन उभी राहतात. कोलेस्टेरॉल मागे राहतं आणि बाहेर पडतं. रोज दोन ग्रॅम स्टेरॉल पोटात गेलं तर एलडीएल ८ ते १० टक्क्यांनी उतरतं. पण फळांतून हे मिळतं अगदी मिलिग्रॅमांत, आणि आपल्या रोजच्या सगळ्या जेवणातून मिळून २०० ते ४०० मिलिग्रॅम. फळापेक्षा तीळ आणि शेंगदाणे यात बरेच पुढे आहेत. भाजीत दाण्याचं कूट आणि भाकरीवर तीळ घालणाऱ्या बायकांनी हे ठाऊक असून केलं नव्हतं, पण केलं ते चांगलं.

गणपतीतलं पपनस

आता तो अपवाद. १९८९ साली कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या एका गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते पाहत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. गोळीचं रक्तातलं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं, आणि दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं आतड्याच्या भिंतीतलं एक विकर बंद पाडतात. हे विकर अनेक औषधांचा काही भाग रक्तात जाण्याआधीच मोडून टाकत असतं. ते बंद पडलं की एका गोळीचा परिणाम दोन-तीन गोळ्यांसारखा होऊ शकतो, आणि एकदा बंद पडलेलं विकर पुन्हा तयार व्हायला दिवसाहून जास्त वेळ लागतो.

ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं मिळत नाही. पण ते ज्याच्यापासून संकरातून जन्माला आलं, ते पपनस भाद्रपदात बाजारभर असतं, कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या माटोळीला, म्हणजे मूर्तीच्या वर बांधलेल्या फळांच्या चौकटीला, टांगलेलं असतं. त्यातही याच कुळातली द्रव्यं आहेत. कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन किंवा अटोरवास्टॅटिन घेणाऱ्यांनी गणपतीत पपनसाच्या एक-दोन फोडी खाल्ल्या तर घाबरायचं कारण नाही. पण फळ आवडतं म्हणून दहा दिवस रोज अख्खं पपनस किंवा ग्लासभर रस, असं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. विशेषतः सिम्वास्टॅटिनच्या बाबतीत, कारण त्याचं प्रमाण वाढलं की स्नायूंना इजा होऊ शकते. अंग विनाकारण दुखायला लागलं किंवा लघवी गडद झाली तर थांबू नका, लगेच दाखवा. रोझुवास्टॅटिनला हा त्रास नाही, ते या विकराच्या वाटेला जात नाही. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या लयीच्या काही गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे. मूत्रपिंड अशक्त असलेल्यांनी तर कुठलंही फळ वाढवताना आधी पोटॅशियमबद्दल विचारायला हवं.

बाबांच्या गोळीच्या पट्टीवर अटोरवास्टॅटिन लिहिलेलं आहे. मोसंबीत ही अडचण नाही, म्हणून मोसंबी चालू आहेत, पण आता सोलून. पांढरा थर खरवडायचा नाही, एवढंच मी सांगितलं होतं. पहिले दोन दिवस त्यांनी कडू लागतं म्हणून तोंड वाकडं केलं, मग फोडीवर चिमूटभर काळं मीठ घालायला लागले.